ताईच्या फोटोंवरच्या सूचना

१

माझं आयुष्य लोकांचे पासपोर्ट फोटो काढण्यात गेलं. हनुवटी वर, खांदे सरळ, हसू नका. चाळीस वर्षं या तीन हुकमांपलीकडे मला कुणाला काही सांगता आलं नाही, आणि त्याची सगळी कसर मी निवृत्तीनंतर भरून काढली. स्टुडिओ बंद केल्यावर फोटोग्राफी क्लबने मला किडे, पानं, दवबिंदू यांच्या क्लोज-अप फोटोंचा परीक्षक केलं. तेव्हापासून मी सूचना करत सुटलो आहे.

सुरुवातीला मी फार तोंडाळ होतो. बँकेतल्या एका गृहस्थांनी फुलपाखराचा फोटो आणला, तर मी भर सभेत विचारलं, "हे फुलपाखरू आहे की वाळत घातलेला रुमाल?" लोक हसले. तेही हसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी कॅमेरा विकून टाकला. ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. त्या दिवसापासून मी पद्धत ठरवली. आधी जे चांगलं असेल ते सांगायचं, आणि मनापासून सांगायचं. मग सूचना अगदी मोजकी, समोरच्याला करता येईल अशी. बायको म्हणते, "तुम्ही जेवताना दोनदा छान म्हणालात की मला कळतं, मीठ कमी पडलंय."

या पद्धतीचा सगळ्यात मोठा लाभ ताईला झाला, असं मी समजत होतो. ताई माझी थोरली बहीण, सत्तर वर्षांची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं डाव्या कानाला हेडफोन लावून बसली, आणि तिच्या आधी त्या कानानेच निवृत्ती घेतली. भाऊजी गेले तेव्हा ताईचं बोलणं बंद झालं. वर्षभर पडदे ओढून ती बसून असायची. मी जायचो, चहा करायचो, दोघांचाही मीच प्यायचो आणि परत यायचो. शेवटी एक दिवस माझा जुना कॅमेरा आणि क्लोज-अपची लेन्स तिच्या टेबलावर ठेवून आलो. तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "अरे छोट्या, माशीला केस असतात, तुला ठाऊक होतं?"

मी चौसष्ट वर्षांचा छोट्या फोन हातात धरून रडलो, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून ताई रोज सकाळी मागच्या अंगणातल्या कुंड्यांत, आणि मी दर रविवारी दहा वाजता तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, तिच्या उजव्या हाताला, लॅपटॉपसमोर. तिला ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने बोलतो. इतक्या मोठ्याने, की घरात आणखी कुणी असतं तर तेही सगळं शिकलं असतं.

एकच अडचण होती. ताई माझी एकही सूचना पाळत नाही. हो हो म्हणते, वहीत लिहून घेते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिचे सगळे किडे उभ्याने, वरून काढलेले. अपघाताच्या पंचनाम्याला जोडावेत असे.

"रंग सुरेख आलेत, ताई," मी म्हणालो. "उजेडही मऊ आहे. आता एकच कर. वरून काढू नकोस. खाली बस, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर ये. वरून बघितलं की तो नुसता किडा असतो. समोरासमोर आलं की त्याला चेहरा येतो."

"गुडघ्यांना विचारून सांगते," ताई म्हणाली आणि चहा ओतायला उठली.

२

पुढच्या रविवारचा पहिला फोटो लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या किड्याचा होता. पुन्हा वरूनच. गुडघ्यांनी परवानगी दिलेली दिसत नव्हती.

परीक्षकाची एक खोड असते. फोटो पडद्यावर जितका मोठा होईल तितका करून तो कानाकोपऱ्यातून पाहायचा. अशा किड्याची चकचकीत पाठ म्हणजे छोटासा फुगीर आरसाच. समोरचं सगळं अंगण त्यात मावतं. आकाश होतं, भिंत होती. फ्लॅशचा उजेड मऊ व्हावा म्हणून ताई त्याच्यासमोर आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण बसवते, त्या झाकणाचा पांढरा ठिपका होता. ठिपक्यामागे ओणवी झालेली ताई होती. आणि तिच्या बऱ्याच मागे, दाराच्या पायरीशी, काहीतरी उकिडवं बसलं होतं.

"पायरीशी काय ठेवलंयस गं?"

"काही नाही. परवाच घासून काढली पायरी. का?"

मी विचार केला. किड्याच्या पाठीवर पंखांची दोन झाकणं असतात. दोन झाकणं, दोन आरसे, म्हणून दोन आकृत्या. एक मोठी, एक छोटी. माझं मलाच कौतुक वाटलं. पुढचा फोटो गोगलगायीचा होता. तिच्या ओल्या शंखातही दोन आकृत्या होत्या. शंखाला दोन पंख नसतात हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी मी ते स्वतःला आठवू दिलं नाही. दुसरी आकृती बसलेली होती आणि तिची मान ताईच्या मानेच्या बरोबर पातळीत होती, एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

त्यानंतरचे अकरा फोटो नुसत्या पानांचे होते. किडे केव्हाच उडून गेलेले.

"रिकामी पानंसुद्धा तू किती प्रेमाने काढलीस," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. "पण किडा उडतो, कारण तू त्याच्यावर चाल करून जातेस. असं कर. बोटभर पुढे सरक, मग थांब. त्याला सवय होऊ दे. मग पुन्हा बोटभर. आणि हे बघ, प्रत्येकाची एक बाजू असते, जिकडून त्याला चाहूल लागत नाही. ती बाजू शोधून काढ आणि तिकडून जा."

ताईने सगळं वहीत लिहिलं. 'बोटभर' खाली दोन रेघा मारल्या. मी मधेच दारातून अंगणात पाहिलं. पायरीवर ऊन पडलं होतं, आणि ती खरोखरच स्वच्छ घासलेली होती.

३

तिसऱ्या रविवारी ताई खुशीत होती. तिला एक काळा भुंगा भेटला होता, आणि तो बहुधा म्हातारा असावा, कारण ताई धडधडत जवळ गेली तरी तो हलला नाही. तिने त्याचे ओळीने चाळीस फोटो काढले होते. चाळीसही वरून.

मी पहिलाच फोटो पाहिला आणि सवयीने बोलून गेलो. "भुंग्याची पाठ काय चमकते आहे. वा. पण फोकस पाठीवर आहे, ताई, डोळ्यावर नाही. बाकी सगळं धूसर झालं तरी चालेल, डोळा लख्ख हवा. डोळा हुकला की फोटो हुकला. लागेल तितकं जवळ जा, पण डोळा सोडू नकोस."

मग मी पुढचा फोटो पाहण्यासाठी बटण दाबलं, आणि दाबतच राहिलो. एकामागून एक फोटो भराभर सरकले की ते सिनेमासारखे हलायला लागतात. भुंगा हलत नव्हता. त्याच्या पाठीतली ताई हलत नव्हती. पायरीशी बसलेलं ते मात्र पुढे येत होतं.

बोटभर यायचं. मग तीन फोटोंत जागच्या जागी. पुन्हा बोटभर. पुन्हा थांबणं, या वेळी पाच फोटो. चाळिसाव्या फोटोत ते ताईच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होतं. बसलेलं, तिच्या पातळीवर. आणि डाव्या बाजूला, जिकडून तिला काहीच ऐकू येत नाही.

मी घाबरलो. ताईने माझं आजवर काहीच ऐकलं नव्हतं, पण त्या घरात कुणीतरी माझा शब्द न् शब्द ऐकत होतं आणि दिलेला अभ्यास चोख करून आणत होतं. तिसरी सूचना मी नुकतीच, खणखणीत आवाजात दिली होती.

"काय रे, वाईट आहेत का?" ताईने विचारलं.

"नाही गं. छान आहेत."

"मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

४

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातली सुई-दोरा बाजूला ठेवला, म्हणजे तिने ते खरं मानलं होतं.

"ताईंना सांगितलंत?"

"सांगितलं तर ती कॅमेरा कपाटात टाकेल. पुन्हा पडदे ओढून बसेल. एवढं करून ती माणसांत आलीय."

"आणि नाही सांगितलं तर?"

मग तीच हळू आवाजात म्हणाली, "त्यांचे यजमान असतील. जीव अडकला असेल ताईंत."

"भाऊजींनी जन्मात कधी कुणाची सूचना पाळलेली तू पाहिलीस?"

"तेही खरंच," ती म्हणाली, आणि अशा वेळीसुद्धा आम्हाला दोघांना हसू आलं.

बुधवारी मी माझा कॅमेरा घेऊन ताईकडे गेलो. अंगणाची भिंत, कुंड्यांच्या मागची जागा, पायरी, सगळं चाचपून पाहिलं. लाल किडे, काळे किडे, जे सापडेल त्याचे फोटो काढले आणि तिथेच मोठे करून पाहिले. प्रत्येकाच्या पाठीत टकलासकट मी एकटा होतो. जरा धीर आला. बहुधा ताईच्या लेन्समध्ये काहीतरी दोष असेल, काचेवर डाग असेल. मात्र डाग सरकत कसा जाईल, हे काही मला सुचेना.

"चार दिवस आमच्याकडे राहायला ये," मी ताईला म्हणालो.

"आणि कुंड्यांना पाणी तू घालणार? गेल्या वेळी माझा मोगरा मारलास." मग ती खिडकीशी उभी राहून, जरा लाजल्यासारखी म्हणाली, "मला इथंच बरं वाटतं रे आता. सकाळी अंगणात असले ना, की डाव्या गालाला ऊब लागते. ऊन उजवीकडून येतं, तरी डाव्या. कुणीतरी शेजारी बसल्यासारखं."

तिचा चेहरा इतका आनंदी होता की मी फक्त मान हलवली.

५

चौथ्या रविवारसाठी मी तयारी करून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवून चुकीची सूचना देणार होतो. त्याने माझं इतकं ऐकलं, तर हेही ऐकेल.

लॅपटॉप उघडायच्या आधीच मी बोलायला सुरुवात केली. आवाज नेहमीपेक्षा चढा होता. "आजपासून लांबून काढायचं. दहा पावलं मागे. जाताना पाय आपटत जायचं. डोळ्याकडे तर बघायचंच नाही. आणि जवळ, अजिबात जवळ जायचं नाही."

ताईने पेन खाली ठेवलं.

"लांबूनच काढायचे होते, तर ही लेन्स कशाला दिलीस?"

"प्रयोग म्हणून."

"मला जमत नाही, असंच ना?" ती शांतपणे म्हणाली. "सरळ सांग की. तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेत मी. खोटं बोलताना माणूस कसा बोलतो, ते मला एका कानाने पण कळतं." तिने लॅपटॉप मिटण्यासाठी हात पुढे केला. वर्षभर जो चेहरा मी पडद्याआड पाहिला होता, तोच मला परत येताना दिसला.

मला ते बघवेना. मी माझ्या जुन्या सवयीवर गेलो. "अगं नाही, नाही. फार छान चाललंय. इतक्या थोड्या दिवसांत एवढी प्रगती मी कुणाची पाहिली नाही. आता तर अगदी थोडंसंच राहिलंय." हे सगळं मोठ्याने, मनापासून. शब्द तोंडातून गेल्यावर कळलं, ते किती जणांनी ऐकले असतील.

ताई खुलली. "मग हा बघ. कालचा आहे. शेवटी दाखवायचा म्हणून ठेवला होता. कसा निघाला कुणास ठाऊक, माझ्याच हातून बटण दाबलं गेलं असेल. पण जमलाय हं."

पडद्यावर एक डोळा होता. माणसाचा, म्हातारा, तपकिरी. ताईचा डावा डोळा. पापणीचा केस न् केस मोजता येत होता. बुबुळातले धागे, कडेची ओल, कोपऱ्यातली बारीक लाल शीर, सगळं लख्ख. बरोबर पातळीवरून, डाव्या बाजूने, बोटभर अंतरावरून. मी आजवर पाहिलेला सगळ्यात उत्तम क्लोज-अप.

डोळ्याच्या पलीकडे, धूसर, काहीतरी काळं होतं आणि त्यावर एक पांढरा ठिपका होता. ते आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण होतं. ताईने उजव्या डोळ्याला कॅमेरा लावलेला होता आणि तो कॅमेरा या फोटोत दिसत होता. तिच्याकडे दुसरा कॅमेरा नाही.

पाहू नये असं वाटत असताना मी बाहुली मोठी केली. तिच्यात अंगणाची भिंत होती, आकाशाचा तुकडा होता, आणि त्यांच्यापुढे ते होतं. त्याच्या हातात काही नव्हतं. हात म्हणावेत असंही काही मला दिसलं नाही. दिसली ती फक्त एका बाजूला किंचित कललेली मान. शेरा काय मिळतो याची वाट बघणारी माणसं मान अशी धरतात. क्लबमध्ये मी ती शेकडो वेळा पाहिली आहे.

६

"बोल ना," ताई म्हणाली. "काय सुधारू?"

मी घाम पुसला. चूक दाखवली असती तर ती दुरुस्त झाली असती. कौतुक केलं असतं तर उद्या असाच आणखी एक फोटो आला असता, आणखी जवळून, आणि आणखी जवळ जायला तिथे जागाच उरली नव्हती. गप्प बसलो असतो तर मान तशीच कलती राहिली असती. ताईच्या पलीकडे, तिच्या डाव्या हाताला एक रिकामी खुर्ची होती. मी त्या खुर्चीकडे बघून बोललो.

"हा फोटो उत्तम आहे. यात सुधारण्यासारखं काही नाही. पण एकाच विषयात अडकून पडायचं नाही. हा डोळा झाला. आता विषय बदल. माझ्याकडे ये."

"तुझे फोटो?" ताई हसली. "तुझं थोबाड कोण बघणार?"

"मी हलणार नाही. सकाळी नाश्ता झाला की तासभर बाल्कनीत बसलेला असतो. आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डावीकडचं मला काही दिसत नाही. तिकडून आलं तर चाहूलही लागणार नाही."

"अरे! कधी झाला? सांगितलं का नाहीस?" ताईने माझा हात धरला. तिचा हात ऊबदार होता. पलीकडची खुर्ची फरशीवर बारीकशी वाजली, कुणी उठताना वाजते तशी. ताईला ते ऐकू आलं नाही.

७

त्यानंतर तीन रविवार झाले. ताईच्या फोटोंतल्या प्रत्येक पाठीत, शंखात आणि थेंबात झाकणाचा ठिपका आहे आणि त्यामागे ती एकटी आहे. फोटो अजून वरूनच काढते. क्लबच्या प्रदर्शनात तिच्या म्हाताऱ्या भुंग्याला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. मी नात्यातला म्हणून मत दिलं नाही, पण टाळ्या सगळ्यात जास्त वेळ माझ्याच चालल्या होत्या.

मी ठरल्याप्रमाणे सकाळी बाल्कनीत बसतो. पहिले काही दिवस काहीच झालं नाही, आणि खरं सांगायचं तर मला जरासा अपमानही वाटला. मग एका सकाळी डाव्या खांद्याला ऊब लागली. दोन दिवस ती खांद्यापाशीच होती. मग कानापाशी आली. मग पुन्हा तीन दिवस मुक्काम, माझी सवय व्हावी म्हणून. कुठे घाई नाही, कुठे धसमुसळेपणा नाही. मला भीती वाटते, रोज वाटते. पण सूचना इतक्या नीट पाळणारं क्लबमध्ये एकही माणूस नाही, हेही मनात आल्यावाचून राहत नाही. काल ऊब गालावर होती.

बायको मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मागे लागली आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख मी दोनदा पुढे ढकलली. ती चिडते, म्हणते, एवढा मोठा माणूस आणि सुईला घाबरतो. तिला काय सांगू? त्या डोळ्याने दिसायला लागलं तर माझी मान आपोआप वळेल. मान वळली की ते बुजेल. आणि इथून बुजून कुणाच्या अंगणात जाईल, ते मला पक्कं ठाऊक आहे.

आज सकाळी मी तसाच बसलो असताना ताईचा फोन आला. तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "छोट्या, ऐक. आज गुडघे टेकले मी. कुंडीपाशी खाली बसले आणि नाकतोड्याच्या डोळ्यात डोळा घालून फोटो काढला. तू म्हणत होतास ते खरं आहे रे, त्याला चेहरा असतो. रविवारी येतोस ना बघायला?"

ऊब डाव्या पापणीपाशी आली होती. मी मान न हलवता हो म्हणालो.